मणक्याची वक्रता आणि पेल्व्हिसची मांडणी एक्स-रेवर कशी मोजावी : उभे राहण्यापासून नोंदीपर्यंत

एखाद्या मुलीचा कॉब कोन (मणक्याचा बाजूला गेलेला बाक अंशांत सांगणारे माप) आधीच्या अहवालात २४ अंश असतो, सहा महिन्यांनी तो ३१ अंश नोंदला जातो, आणि वक्रता वाढली असे धरून उपचार बदलण्याची चर्चा सुरू होते. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या की कळते, पहिली झोपवून घेतलेली होती आणि दुसरी उभे करून. शिवाय पहिल्या वेळी वक्राच्या वरच्या टोकाचा मणका टी ६ धरला होता, दुसऱ्या वेळी टी ५ (सी म्हणजे मानेचे, टी छातीचे, एल कंबरेचे आणि एस सेक्रमचे, म्हणजे त्रिकास्थीचे मणके). रेषा दोन्ही वेळा नीट आखलेल्या होत्या. या मोजमापात रेषा आखताना क्वचितच कोणी चुकते. बहुतेक चुका त्याआधीच, म्हणजे रुग्णाला उभे करताना, मणके मोजताना किंवा खुणा निवडताना होऊन गेलेल्या असतात. पुढील टप्पे त्यामुळे दिलेल्या क्रमानेच करावेत. हा लेख एक्स-रे घेणाऱ्या तंत्रज्ञांसाठी, निवासी डॉक्टरांसाठी आणि अहवालांवर विसंबून काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आहे.

टप्पा १ : रुग्णाला उभे करणे

वक्रतेचे मोजमाप वजन पेलणाऱ्या मणक्याचे असते. आडवे झाल्यावर गुरुत्वाकर्षणाचा भार निघून जातो आणि बहुतेक वक्र काही अंशांनी कमी दिसतात, म्हणून झोपवून काढलेल्या सीटी किंवा एमआरआयवरचा कोन उभ्या एक्स-रेवरील कोनाशी थेट ताडून पाहू नये. जे बाळ उभे राहू शकत नाही किंवा ज्या रुग्णाला उभे करणे सुरक्षित नाही, त्याची प्रतिमा बसवून किंवा झोपवून घ्यावीच लागते. पण तसे केल्याची खूण प्रतिमेवरच असावी, म्हणजे पुढे मोजणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

रुग्ण अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, गुडघे पूर्ण सरळ ठेवून उभा असावा. गुडघ्यांचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांचा कंबरेचा बाक कमी झाला आहे, अशी प्रौढ माणसे तोल सांभाळण्यासाठी नकळत गुडघे वाकवतात, आणि मग मणका पुढे झुकल्याचे प्रमाण प्रतिमेत प्रत्यक्षाहून कमी दिसते. गुडघा किंवा खुबा आखडल्यामुळे तो सरळ होतच नसेल तर बळजबरी न करता तशी नोंद करावी. पायांच्या लांबीत फरक असेल आणि पेल्व्हिस (कंबरेखालचे हाडांचे कडे) सपाट असताना मणका कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर आखूड पायाखाली ठोकळा ठेवून त्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी. ठोकळा ठेवलेली आणि न ठेवलेली प्रतिमा एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

बाजूने प्रतिमा घेताना हात कुठे ठेवायचे, यावर सर्वाधिक गोंधळ होतो. हात खाली सोडले तर दंडाची हाडे छातीच्या मणक्यांवर येतात, आणि समोर ताणून धरले तर धड मागे झुकते व सी ७ मणका मागे सरकतो. कोपर पूर्ण वाकवून बोटे त्याच बाजूच्या कॉलर बोनवर टेकवणे हा यातला सर्वात कमी नुकसानीचा मार्ग आहे. नजर समोर, क्षितिजाच्या पातळीत असावी.

वाढत्या वयातील मुलामुलींची समोरची प्रतिमा पाठीकडून पुढे, म्हणजे पीए पद्धतीने घ्यावी; त्यामुळे स्तनांना आणि थायरॉइडला मिळणारे किरण कमी होतात. ब्रेस (वक्रता रोखण्यासाठी अंगावर घालायचा आधार) वापरणाऱ्या रुग्णाची प्रतिमा ब्रेससह घेतली की काढून, आणि काढून असेल तर तो किती तासांपूर्वी काढला, हेही लिहावे.

सावधान : जननेंद्रियांवर ठेवलेली शिशाची ढाल अनेकदा फीमरची (मांडीच्या हाडाची) डोकी आणि सेक्रम झाकून टाकते, आणि मग पेल्व्हिसचे एकही माप घेता येत नाही. ढालीबाबत आपल्या विभागाचा जो नियम असेल तो पाळावाच. पण ढालीखाली खुणा झाकल्या जाणार असतील तर ते प्रतिमा घेण्याआधी ठरले पाहिजे, दुसऱ्यांदा किरण देऊन नव्हे.

टप्पा २ : प्रतिमा मोजण्यालायक आहे का

साधन हातात घेण्यापूर्वी प्रतिमेत सी ७ पासून दोन्ही फीमरच्या डोक्यांपर्यंतचा भाग पूर्ण आहे ना, हे पाहावे. पीए प्रतिमेत इलियक क्रेस्टही (पेल्व्हिसच्या वरच्या कडाही) हवेत, कारण वाढ किती शिल्लक आहे याचा रिसर टप्पा तिथेच वाचायचा असतो.

पुढचा प्रश्न बाजूचा. स्कोलिओसिसची (मणका बाजूला वाकण्याच्या विकाराची) पीए प्रतिमा पाठीकडून पाहिल्यासारखी लावण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे रुग्णाची डावी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. छातीचा एक्स-रे बघायची सवय असलेल्या डोळ्याला ही प्रतिमा उलटी वाटते आणि तो ती फिरवून टाकतो. हृदयाच्या सावलीवर भिस्त न ठेवता बाजूची खूण शोधावी. वक्राची बाजू नेहमी बहिर्गोल बाजूवरून सांगितली जाते.

अनेक तुकडे जोडून तयार केलेल्या लांब प्रतिमेत जोडाची जागा नीट पाहावी. दोन तुकड्यांच्या दरम्यान रुग्ण हलला असेल तर जोडाजवळ बरगडी तुटल्यासारखी किंवा मणक्याची कड पायरीसारखी दिसते. अशा जोडाच्या दोन बाजूंना पसरलेला कोन नोंदू नये.

सेंटिमीटरमधील मापांसाठी आणखी एक पूर्वअट आहे. प्रतिमा सर्व दिशांना सारखी मोठी झाली असेल तर कोन बदलत नाहीत, अंतरे मात्र बदलतात. म्हणून मापपट्टीशी जुळवलेली नसलेली प्रतिमा असेल तर कोन लिहावेत आणि अंतरे सोडून द्यावीत. उभा-आडवा आकार वेगवेगळ्या प्रमाणात ताणलेली प्रतिमा, जसे सादरीकरणात चिकटवलेले किंवा मोबाइलने तिरपे टिपलेले चित्र, कोनांसाठीही निरुपयोगी असते.

टप्पा ३ : मणके मोजणे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच गाळला जातो. एकदा वरून खाली आणि एकदा सेक्रमपासून वर असे दोनदा मोजावे. दोन्ही मोजण्या जुळल्या नाहीत तर कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाराव्या बरगडीची लांबी माणसागणिक वेगळी असते, काहींना अकरा तर काहींना तेरा जोड्या असतात, आणि एल ५ सेक्रमशी जुळलेला किंवा एस १ वेगळा झालेला असणे दुर्मीळ नाही.

अशा संक्रमणी मणक्याला कोणते नाव दिले हे अहवालात स्पष्ट लिहावे, उदाहरणार्थ, ‘बरगड्या असलेले बारा मणके मोजले असून त्याखाली कंबरेचे सहा मणके आहेत, सेक्रमची मापे सहाव्याच्या लगेच खालच्या मणक्याच्या वरच्या एंडप्लेटपासून घेतली आहेत.’ (एंडप्लेट म्हणजे मणक्याचा वरचा किंवा खालचा सपाट पृष्ठभाग.) हे वाक्य नसेल तर पुढचा डॉक्टर वेगळ्या मणक्याला एस १ समजेल आणि पेल्व्हिसचे सगळे कोन बदलतील.

टप्पा ४ : कॉब कोन

अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी आहे, अट एवढीच की टोकाचे मणके बरोबर निवडले पाहिजेत.

१. आधी शिखराचा मणका किंवा डिस्क शोधावी. ती मध्यरेषेपासून सर्वात दूर असते आणि तिथला मणका सर्वात कमी कललेला, पण सर्वात जास्त पीळ पडलेला असतो.

२. तिथून वर आणि खाली जात वक्राच्या आतल्या बाजूकडे सर्वाधिक कललेले मणके शोधावेत. हेच टोकाचे मणके. दोन मणके सारखेच कललेले असतील तर शिखरापासून दूरचा निवडावा.

३. वरच्या टोकाच्या मणक्याच्या वरच्या एंडप्लेटवर आणि खालच्या टोकाच्या मणक्याच्या खालच्या एंडप्लेटवर रेषा आखावी. दोन रेषांमधला कोन म्हणजे कॉब कोन.

४. वक्र एकाहून अधिक असतील तर प्रत्येक मोजावा. वरच्या वक्राचा खालचा टोकाचा मणका हाच सहसा खालच्या वक्राचा वरचा टोकाचा मणका असतो.

टोकाची निवड तपासण्याची चांगली कसोटी डिस्कच्या जागेत सापडते. वक्राच्या आत ही जागा बहिर्गोल बाजूला रुंद असते. टोकाचा मणका ओलांडला की ती समांतर होते किंवा उलट बाजूला रुंदावू लागते. दुसरी कसोटी म्हणजे एक मणका वर आणि एक मणका खाली सरकवून कोन पुन्हा मोजणे. टोके बरोबर असतील तर दोन्ही वेळा कोन कमी भरतो.

कललेल्या मणक्याच्या एंडप्लेटच्या पुढची आणि मागची अशा दोन कडा दिसतात आणि तिचा आकार लंबगोल भासतो. डावा बिंदू एका कडेवरून आणि उजवा दुसऱ्या कडेवरून घेतला की कोन फसतो. कोणतीही एक कड धरावी आणि दुसऱ्या टोकालाही तीच धरावी. एंडप्लेट अस्पष्टच असेल तर दोन्ही पेडिकलच्या (मणक्याला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या हाडांच्या) वरच्या किंवा दोन्हींच्या खालच्या कडा जोडणारी रेषा चालते, मात्र तसे लिहून ठेवावे.

पडताळणी : संगणकाने १४९ अंश दाखवले तर गोंधळून जाऊ नये; त्याने ३१ अंशांचा पूरक कोन दिला आहे. अशा आकड्याची अहवालात तशीच नक्कल झालेली आढळते, इतकी की ही सूचना वेगळी द्यावी लागते.

कॉब कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असेल आणि मणक्यांना पीळही असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. त्याखालच्या किरकोळ बाकाला ते नाव देऊन घरच्यांना घाबरवू नये.

टप्पा ५ : समोरून तोल आणि पेल्व्हिसचा कल

एस १ च्या मध्यातून सरळ वर ओळंबा काढावा. हा ओळंबा खऱ्या अर्थाने उभा, म्हणजे प्रतिमेच्या उभ्या कडेला समांतर असतो. सेक्रमला किंवा इलियक क्रेस्ट जोडणाऱ्या रेषेला काटकोनात तो आखण्याची चूक नेहमीची आहे, आणि पेल्व्हिस कललेली असेल तर तिने सगळा तोल खोटा ठरतो. अर्थात प्रतिमेची कड उभी मानण्यासाठी प्रतिमा नंतर कोणी फिरवलेली नसावी. सी ७ च्या मध्यातून खाली सोडलेला ओळंबा या रेषेपासून २ सेंटिमीटरहून जास्त दूर असेल तर समोरचा तोल बिघडला आहे असे धरतात.

पेल्व्हिसचा कल पाहण्यासाठी दोन्ही इलियक क्रेस्टच्या सर्वोच्च बिंदूंना जोडणारी रेषा क्षितिजसमांतर रेषेशी किती कोन करते ते मोजावे, आणि शेजारी दोन्ही फीमरच्या डोक्यांच्या उंचीतला फरकही लिहावा. फीमरची डोकी समान उंचीवर असूनही क्रेस्ट वर-खाली असतील तर कारण पायांच्या लांबीत नसून पेल्व्हिसच्या स्वतःच्या आकारात, तिच्या पिळात किंवा मणक्यात शोधावे लागते. पेल्व्हिसच्या खालच्या भागातली दोन ऑब्ट्युरेटर छिद्रे असमान दिसत असतील तर पेल्व्हिस वळलेली आहे. अशा प्रतिमेवरील क्रेस्टच्या रेषेला फारसे महत्त्व देऊ नये.

टप्पा ६ : बाजूने कायफोसिस आणि लॉर्डोसिस

छातीच्या भागातील कायफोसिस (पाठीकडे आलेला बाक) टी ५ च्या वरच्या एंडप्लेटपासून टी १२ च्या खालच्या एंडप्लेटपर्यंत मोजतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोलिओसिसच्या लेंके वर्गीकरणात यासाठी १० ते ४० अंश हे सामान्य मानले आहेत. काही जण टी ४ पासून मोजतात, पण खांद्यांच्या सावलीत टी ४ बहुधा नीट दिसत नाही. कुठूनही मोजा, कोणत्या मणक्यापासून ते लिहा. कंबरेचा लॉर्डोसिस (पुढे आलेला बाक) एल १ च्या वरच्या एंडप्लेटपासून एस १ च्या वरच्या एंडप्लेटपर्यंत मोजावा. तो एल ५ च्या खालच्या कडेपर्यंतच मोजला तर शेवटच्या डिस्कचा बाक गळतो, आणि पुढे पेल्व्हिक इन्सिडन्सशी (टप्पा ७ मधल्या पेल्व्हिसच्या कोनाशी) तुलना करताना नसलेला दोष दिसू लागतो.

टप्पा ७ : पेल्व्हिसचे तीन कोन

या तीन कोनांसाठी फक्त दोन खुणा लागतात : एस १ ची वरची एंडप्लेट आणि खुब्यांचा अक्ष. सगळा वेळ या दोन खुणांवर घालवावा.

एस १ ची एंडप्लेट इलियक हाडांच्या सावलीत बुडालेली असते. प्रतिमेचा कॉन्ट्रास्ट बदलून एस १ च्या मागच्या भिंतीवरून वर जात मागचा कोपरा शोधावा, नंतर पुढचा. सेक्रम वरून घुमटासारखा गोल झाला असेल, जसे जुन्या आणि मोठ्या स्पॉन्डिलोलिस्थेसिसमध्ये (वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकणे) होते, तर पुढच्या आणि मागच्या भिंतींवरून एंडप्लेटची मूळ दिशा ठरवावी आणि माप अंदाजे आहे असे लिहावे. पेल्व्हिस एका बाजूला कलली असेल तर एंडप्लेट लंबगोल दिसते. तिथे मधली रेषा घ्यावी.

खुब्यांच्या अक्षासाठी दोन्ही फीमरच्या डोक्यांवर वर्तुळे बसवावीत. दोन्ही डोकी नेमकी एकमेकांवर क्वचितच येतात, म्हणून दोन्ही केंद्रे जोडून त्या रेषेचा मध्य घ्यावा. जे डोके ठळक दिसते तेवढ्यावर काम भागवू नये. वर्तुळ हाडाच्या डोक्याच्या कडेवर बसले पाहिजे. नवशिके ते बहुधा खुब्याच्या खोबणीच्या छतावर बसवतात, मग वर्तुळ मोठे होते आणि केंद्र सरकते. दोन वर्तुळे एकमेकांपासून फार दूर असतील तर रुग्ण वळून उभा होता, आणि प्रतिमाच पुन्हा घेण्याचा विचार करावा.

खुणा निश्चित झाल्यावर :

१. सेक्रल स्लोप : एस १ ची एंडप्लेट आणि क्षितिजसमांतर रेषा यांमधला कोन.

२. पेल्व्हिक टिल्ट : खुब्यांच्या अक्षापासून एंडप्लेटच्या मध्यापर्यंतची रेषा आणि उभी रेषा यांमधला कोन. खुब्यांचा अक्ष एंडप्लेटच्या मध्याच्या मागे असेल तर हा कोन ऋण होतो. ते चिन्ह विसरू नये.

३. पेल्व्हिक इन्सिडन्स : एंडप्लेटच्या मध्यातून तिला काढलेला लंब आणि त्याच मध्यापासून खुब्यांच्या अक्षापर्यंतची रेषा यांमधला कोन.

पहिल्या दोन कोनांची बेरीज तिसऱ्याइतकी येते, उदाहरणार्थ ४० अधिक १४ म्हणजे ५४. ही बेरीज जुळली म्हणजे माप बरोबर, असे सर्रास समजले जाते आणि ते चुकीचे आहे. बेरीज भूमितीने जुळतेच, मग बिंदू कुठेही ठेवलेले असोत. एल ५ ला एस १ समजून मोजले तरी ती जुळेल. तिन्ही कोन स्वतंत्रपणे आखले असतील तर बेरजेतून आखणीतली चूक सापडते, खुणांच्या निवडीतली सापडत नाही. खरी कसोटी जुन्या प्रतिमेत असते. वाढ पूर्ण झाल्यावर पेल्व्हिक इन्सिडन्स त्या माणसापुरता जवळपास स्थिर राहतो, उभे राहण्याची ढब बदलली तरी. म्हणून प्रौढ रुग्णाचा इन्सिडन्स एका प्रतिमेत ४६ आणि दुसरीत ५९ आला, तर बदललेली गोष्ट रुग्णात नसून आपल्या खुणांत आहे. वाढत्या मुलांना ही कसोटी लावू नये, कारण त्यांच्यात तो वयाबरोबर वाढतो.

प्रौढांमध्ये इन्सिडन्सची सरासरी ५० ते ५५ अंशांच्या आसपास असते, पण ३५ पासून ८५ पर्यंतची निरोगी माणसे आढळतात. या आकड्याला त्यामुळे चांगला-वाईट म्हणू नये. त्या माणसाला किती लॉर्डोसिस लागतो, एवढेच तो सांगतो.

टप्पा ८ : बाजूचा तोल आणि आकडे एकत्र वाचणे

सी ७ च्या मध्यातून ओळंबा सोडून एस १ च्या वरच्या-मागच्या कोपऱ्यापासून त्याचे आडवे अंतर मोजावे. कोपरा मागचाच हवा. एंडप्लेटच्या मध्यापासून मोजण्याची चूक होते. ओळंबा पुढे असेल तर अंतर धन असते.

प्रौढांतील विकृतीसाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसआरएस-श्वाब वर्गीकरणात तीन आकडे एकत्र पाहतात : इन्सिडन्स आणि लॉर्डोसिस यांतला फरक १० अंशांपेक्षा कमी, टिल्ट २० अंशांपेक्षा कमी आणि ओळंब्याचे अंतर ४ सेंटिमीटरपेक्षा कमी, या पहिल्या, म्हणजे सर्वात सौम्य, पायऱ्या आहेत. वय वाढते तशा या मर्यादा सैल धराव्या लागतात.

एकटे ओळंब्याचे अंतर फसवे असते. समजा इन्सिडन्स ५८, लॉर्डोसिस ३४, टिल्ट २९, स्लोप २९ आणि ओळंबा ३.५ सेंटिमीटर पुढे आहे. केवळ ओळंबा पाहिला तर तोल ठीक वाटतो. प्रत्यक्षात लॉर्डोसिस २४ अंशांनी अपुरा आहे आणि ती उणीव झाकण्यासाठी रुग्णाने पेल्व्हिस मागे वळवली आहे. गुडघेही वाकलेले असतील तर तेही तोल सावरण्याचेच काम करत असतात, म्हणून प्रतिमा मांडीच्या मध्यापर्यंत घेणे उपयोगी पडते.

टप्पा ९ : नोंद आणि जुन्या मापाशी तुलना

प्रत्येक कोनाशेजारी कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत ते लिहावे. ‘उजवा छातीचा वक्र, टी ५ ते टी ११, ३१ अंश, उभे राहून, ब्रेसशिवाय’ असे वाक्य पुढच्या वेळी उपयोगी पडते. नुसता आकडा पडत नाही.

तुलना करताना जुन्या अहवालातला आकडा उचलू नये. जुनी प्रतिमा उघडून, त्याच मणक्यांवर, त्याच साधनाने, शक्यतो एकाच माणसाने दोन्ही प्रतिमा पुन्हा मोजाव्यात. एकाच माणसाच्या दोन मोजण्यांतही ३ ते ५ अंशांचा फरक पडतो, दोन माणसांच्या मोजण्यांत तो आणखी वाढतो, आणि सकाळच्या तुलनेत संध्याकाळी तोच वक्र काही अंशांनी मोठा भरू शकतो. म्हणून ५ अंशांपेक्षा कमी बदलाला ‘वाढ’ हा शब्द वापरू नये. ‘मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत’ असे लिहावे. टोकाचे मणके खरोखरच बदलले असतील, म्हणजे वक्र लांबला असेल, तर दोन्ही मापे द्यावीत : एक जुन्या टोकांवर, तुलनेसाठी, आणि एक नव्या टोकांवर, पुढच्या भेटीसाठी.

दशांश चिन्हानंतरचे आकडे गाळावेत. साधन ३१.४ अंश दाखवत असले तरी अहवालात ३१ लिहावे.